उसना खुबा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी, दुसऱ्या मिस्साबलिदानानंतर आम्ही सॅक्रिस्टीत पूजावस्त्रे उतरवीत असताना, आमच्या धर्मग्रामातील एक सद्गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. वय अठ्ठावन्न; अंगलट अजून सडपातळ; सारी हयात शाळेत शारीरिक शिक्षण देण्यात गेलेली. गावात लहानथोर त्यांना मास्तर म्हणतात. वेदीसेवक मुले निघून जाईपर्यंत ते थांबले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "फादर, एका पापाविषयी विचारायचं आहे. अजून केलेलं नाही. करावं म्हणतो."

घडून गेलेली पापे घेऊन माणसे आमच्याकडे येतात. घडण्याआधी परवानगीसाठी आणलेले पाप आमच्या पंचवीस वर्षांच्या पौरोहित्यात हे पहिलेच. मास्तरांचे पाप म्हणजे व्हॉलीबॉल. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा खुबा बदलण्यात आला होता. सर्जनने चालण्याला, पोहण्याला, सायकलला अनुमती दिली. उडी मारण्याला दिली नाही. आमच्या या वसईच्या पट्ट्यात नाताळच्या सुटीत वाड्यावाड्यांचे सामने होतात, आणि मास्तर त्या मैदानावर वयाच्या सोळाव्या वर्षापासून उतरत आले होते. यंदा पुन्हा उतरावे असे त्यांच्या मनाने घेतले. घरात वाद झाला. शेवटी बाईंनी निर्वाणीचे सांगितले, की देवाने दिलेला देह असा उधळणे हे पाप आहे, खोटे वाटत असेल तर फादरना विचारून या. ते विचारायला आले होते.

"तुम्हीही याच वाटेनं गेला आहात, फादर," ते म्हणाले, "म्हणून तुमचं ऐकेन."

आम्ही आठवड्याची मुदत मागून घेतली. कामाची सबब सांगितली, आणि काम होतेही. पण खरे कारण वेगळे होते. ज्या खटल्यात न्यायाधीशाचे स्वतःचे हितसंबंध गुंतलेले असतात, तो त्याने चालवू नये असा संकेत आहे. मास्तरांच्या खटल्यात आमचे हितसंबंध उजव्या बाजूला, कमरेखाली, चार बोटे आत गुंतलेले होते.

वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे, की आम्ही बावन्नाव्या वर्षी खुब्याची शस्त्रक्रिया करून घेतली. मांडीच्या हाडाचा वरचा टोकाचा गोळा कमरेच्या उखळीत फिरतो, आणि त्या गोळ्याला होणारा रक्तपुरवठा फार थोड्या, बारीक वाटांनी होतो. त्या वाटा बंद पडल्या की हाड आतल्या आत मरते आणि गोळा हळूहळू चेपला जातो. आपल्या देशात ऐन उमेदीच्या वयातल्या माणसांचे खुबे बदलावे लागतात, त्यांत या दुखण्याचा वाटा मोठा आहे. कधी दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधे, कधी मद्य, कधी जुना अपघात हे कारण असते. कधी कारण सापडतच नाही. आमचे सापडले नाही. मद्याचा उल्लेख डॉक्टरांनी केला तेव्हा सोबत आलेल्या आमच्या धाकट्या भावाने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती आम्ही त्याला अजून माफ केलेली नाही.

तीन वर्षे आम्ही लंगडलो. त्या दुखण्याची एक गंमत अशी, की ते माणसाला मोठ्या गोष्टींपासून तोडत नाही. प्रवचन करता येते, वर्ग घेता येतात, आजाऱ्याच्या उशाशी बसता येते. ते तोडते बारीकसारीक गोष्टींपासून. मोजा चढवता येत नाही. रिक्षात आधी पाय घालावा की आधी बसावे याचा विचार करावा लागतो. ब्रिटिश टेनिसपटू अँडी मरे याने जानेवारी २०१९ मध्ये मेलबर्नला पत्रकारांसमोर डोळे पुसत आपल्या खुब्याची व्यथा सांगितली, तेव्हा त्यानेही बूट-मोजे घालतानाच्या वेदनेचा उल्लेख केला होता. विम्बल्डन दोनदा जिंकलेला माणूस आणि आम्ही, दोघेही एकाच मोज्यापाशी येऊन थांबलो होतो.

शस्त्रक्रिया झाली. मेलेला गोळा गेला. त्या जागी धातूच्या दांड्यावर बसवलेला चिनीमातीच्या जातीचा गुळगुळीत गोळा आला आणि उखळीला कठीण प्लॅस्टिकचे अस्तर लागले. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले. मग सुरू झाले नियम. पाय पोटाकडे काटकोनापलीकडे वाकवायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही. उभ्या जागी पाय आत वळवायचा नाही. सुरुवातीचे काही आठवडे हे सक्तीचे, कारण स्नायू आणि आवरण भरून येण्याआधी चुकीच्या कोनात पाय गेला तर गोळा उखळीतून निसटू शकतो. इंग्रजी मुलखात हे नियम पाळणे तितके जड जात नसावे. आपल्याकडे मात्र सारे आयुष्यच काटकोनाच्या पलीकडले: पाटावर जेवणे, जमिनीवर मांडी घालणे, मोरीवर उकिडवे बसणे, वाडीत भाजी खुडणे. आमच्या आईने आयुष्यभरात किती वेळ खुर्चीत काढला असेल, तो तासांतच मोजता येईल.

फिजिओथेरपी शिकवायला येणारी मुलगी जेमतेम पंचविशीची होती. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हा नियम रुग्णांच्या ध्यानात राहावा म्हणून या लोकांत एक वचन रूढ आहे: चांगल्याने स्वर्गात जायचे, वाईटाने नरकात. ते तिने सवयीने म्हणून टाकले आणि मग आमच्या गळपट्टीकडे पाहून इतकी ओशाळली, की आम्हांलाच तिची समजूत काढावी लागली. आमची तक्रार वचनाविषयी नव्हती. वाईट म्हटला गेलेला पाय खरे तर त्या घडीला अंगातला सर्वांत नवा, निर्दोष भाग होता; वाईट होते ते त्याच्याभोवतीचे.

हे आम्हांला तिसऱ्या महिन्यात उमगले. दुखणे पार गेले होते. रात्री कूस बदलता येत होती. तरीही आम्ही लंगडत होतो. त्या मुलीने आम्हांला मोठ्या आरशासमोर चालवले आणि विचारले, "फादर, दुखतं का?" आम्ही म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग लंगडता कशाला?"

उत्तर असे आहे. एका पायावर भार येतो तेव्हा कमर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून कुल्ह्याच्या बाजूचा एक स्नायू ती तोलून धरतो. तो दुबळा पडला की कमर विरुद्ध बाजूला झुकते आणि माणूस तोल सांभाळायला सारे धड दुखऱ्या पायावर झोकून देतो. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये ही चाल वर्णन करून ठेवली. दुखऱ्या खुब्यावरचा ताण वाचवण्याची ती देहाने शोधलेली युक्ती असते, आणि मोठी शहाणी युक्ती असते. पण देह ती इतक्या वेळा करतो, की कारण संपल्यावरही ती संपत नाही. सांधा दोन तासांत बदलता येतो. चाल बदलायला आम्हांला वर्ष लागले. आडवे पडून पाय बाजूला उचलायचा, भिंतीला टेकून एका पायावर उभे राहायचे, आरशात खांदे सरळ आहेत की नाहीत हे पाहत खोलीभर चालायचे: शंभर वेळा, दोनशे वेळा, रोज.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचा अंगवळणाविषयीचा विचार आम्ही परीक्षेपुरता घोकला होता. मनुष्याचे गुण-अवगुण ही पुनःपुन्हा केलेल्या कृतींनी पडलेली वळणे होत, इथपर्यंत कुणालाही पटते. परंतु त्यांनी पुढे असेही नोंदवले आहे, की नवा सद्गुण प्राप्त झाल्यावरसुद्धा आधीच्या कृतींचे वळण मागे उरते, आणि त्यामुळे चांगले करणे काही काळ अवघडच वाटत राहते. पंचविशीत आम्हांला हे वाक्य पळवाटेसारखे वाटले होते. कृपा मिळाली तर वळण का उरावे? बावन्नाव्या वर्षी, आरशासमोर, न दुखणाऱ्या पायाने लंगडताना, ते आम्हांला पहिल्यांदा कळले.

गुडघा टेकण्याची गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. ख्रिस्तमंदिरात आपण उजवा गुडघा भुईला लावतो. खुबा बदललेल्या माणसाने गुडघा टेकायचा तर ऑपरेशनचा पाय मागे न्यावा आणि चांगला पुढे ठेवावा, म्हणजे नव्या सांध्याला फार वाकावे लागत नाही. आमचा बदललेला पाय उजवाच. त्यामुळे पूजाविधी आणि फिजिओथेरपी यांच्यात मतभेद होण्याचे कारण उरले नाही. डाव्या खुब्याच्या मास्तरांना मात्र ही सोय नाही.

आता मूळ प्रश्न. नव्या सांध्याने खेळावे काय?

बाईंचा मुद्दा आधी घेतो, कारण तो आपल्या घराघरांत ऐकू येतो: देह आपला नाही, तो आपल्याकडे ठेव म्हणून आहे, तेव्हा त्याला जपावे. हे खरे आहे. पण जपणे म्हणजे काय, हे त्यातून निघत नाही. ठेव मिळालेली मोहर जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाचे शुभवर्तमानात कौतुक झालेले नाही. शिवाय नीतिशास्त्रात एक तत्त्व आहे, जे पोप पायस बारावे यांनी १९५२ मध्ये वैद्यकशास्त्रज्ञांसमोर बोलताना स्पष्ट मांडले होते: अवयव हा समग्र देहासाठी असतो, समग्र मनुष्य अवयवासाठी नसतो. पाय वाचत नसेल आणि जीव वाचत असेल तर पाय कापावा, हे त्याचे नित्याचे उदाहरण. तेच तत्त्व उलट बाजूनेही लागू पडते. खुबा माणसासाठी बसवला आहे. माणसाने उरलेले आयुष्य खुब्याची राखण करण्यात घालवावे यासाठी नव्हे. खुर्चीत बसून वीस वर्षे सांधा चकचकीत राखला आणि हृदय, फुफ्फुसे, मन ही तिन्ही गंजली, तर काय राखले?

मग डॉक्टरांची मनाई? तिचे स्वरूप समजून घेणे इष्ट. खुब्यावर किती भार येतो हे मोजण्यासाठी जर्मनीतील संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यांतच मापनयंत्रे बसवली होती. साध्या चालीत सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. संथ धावताना तो चार-पाचपट होतो. आणि ठेच लागून तोल सावरताना? सात-आठपट. म्हणजे सांध्याचा मोठा शत्रू खेळ नव्हे, अनपेक्षित ठेच हा आहे. आणि ती ठेच मोरीतल्या ओल्या फरशीवरही लागते. अर्थात ज्या खेळात धक्का, उडी, एकाएकी वळणे आहे, त्यात ठेच वारंवार येते, म्हणून फुटबॉल, व्हॉलीबॉल, एकेरी टेनिस यांना सर्जन नाही म्हणतात, आणि पोहणे, सायकल, गोल्फ, दुहेरी टेनिस यांना बहुधा हो म्हणतात. त्यांना भय असते गोळा निसटण्याचे, हाड मोडण्याचे, आणि मुख्यतः अस्तर झिजून सांधा सैल होण्याचे.

झिजण्याचा हा इतिहास बोलका आहे. आजच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या सर जॉन चार्न्ली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे उखळीसाठी आधी टेफ्लॉन वापरले. रुग्ण उठून चालू लागले, वेदना गेल्या, आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याच्या कणांनी आसपासच्या पेशी चिडवल्या. शेकडो सांधे निकामी झाले आणि ते परत उघडून दुरुस्त करण्याचे दुःखद काम चार्न्ली यांनी स्वतः केले. त्यानंतर नवे प्लॅस्टिक, पॉलिथिलीन, हाती आले तेव्हा त्यांनी ते घाईने रुग्णांत बसवले नाही; टेफ्लॉनचे आणि त्याचे कण आधी स्वतःच्या मांडीत घालून काय होते ते पाहिले. नोव्हेंबर १९६२ पासून ते रुग्णांत वापरू लागले. दुसऱ्याच्या मांडीत जे ठेवायचे ते आधी आपल्या मांडीत ठेवून पाहणारा हा माणूस आम्हांला फार आवडतो. तरुण आणि धडपड्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करायला ते नाखूश असत, हेही खरे. आपल्या सांध्याची मर्यादा त्यांना ठाऊक होती.

त्यानंतर प्लॅस्टिक सुधारले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आलेले अस्तर पूर्वीच्यापेक्षा पुष्कळ कमी झिजते. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार शंभरांपैकी सुमारे अठ्ठावन्न खुबे पंचवीस वर्षे टिकतात; आणि हे आकडे अर्थातच जुन्या घडणीच्या सांध्यांचे. परंतु त्याच नियतकालिकात २०१७ मध्ये आलेला दुसरा अभ्यास सांगतो, की सत्तरी ओलांडल्यावर खुबा बदलणाऱ्यांपैकी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणारे शंभरात पाचच्या आसपास असतात. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आम्ही बावन्नाचे होतो.

तेव्हा मनाई ही दैवी आज्ञा नव्हे. ती एका काळातली, एका प्रकारच्या सांध्यावरून काढलेली, सावध माणसांची सूचना आहे. ती मोडणे हे स्वतःहून पाप ठरत नाही. अविवेक ठरू शकते, आणि अविवेक केव्हा पाप होतो हे तो कुणाच्या जिवावर केला यावरून कळते.

खेळाडूंचे दाखले देऊन कुणी आपली बाजू भक्कम करू पाहील. मास्तरांनी केलीच. मरे याने त्याच वर्षी खुब्यावर धातूचे आवरण बसवून घेतले आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकपर्यंत तो खेळला. अमेरिकेचा बो जॅक्सन हा बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल असे दोन्ही खेळ अव्वल दर्जाचे खेळणारा विरळा माणूस. जानेवारी १९९१ मध्ये फुटबॉल खेळताना त्याचा खुबा निखळला, रक्तपुरवठा तुटून हाड मेले, १९९२ मध्ये सांधा बदलला. एप्रिल १९९३ मध्ये तो बेसबॉलच्या मैदानावर परतला आणि बॅट फिरवताच पहिलाच चेंडू प्रेक्षकांत गेला. कर्करोगाने गेलेल्या आईला त्याने परतण्याचे वचन दिले होते. ही गोष्ट वाचताना आमचेही डोळे पाणावले. परंतु ती सांगणारे बहुधा इथेच थांबतात. १९९४ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला, हे सांगत नाहीत. आम्ही त्याला दोष देत नाही. त्याला वचन पाळायचे होते, मरेचा तो व्यवसाय होता, आणि दोघांच्याही मागे सर्जन, फिजिओ, पैसा यांचे सैन्य उभे होते. अठ्ठावन्न वर्षांच्या मास्तरांना त्यांतले काय लागू पडते? मरेचा तर सांधाही वेगळा. त्याच्या मांडीचा गोळा काढून टाकला नव्हता, त्यावर टोपण चढवले होते.

आम्हांला त्या आठवड्यात वारंवार आठवत होते ते दुसरेच एक खेळाडू. वाडोवित्सेच्या शाळेत गोलरक्षण करणारे, पुढे डोंगर चढणारे, बर्फावर घसरणारे, नदीत होडी वल्हवणारे कारोल वोयतिवा, म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे. २८ एप्रिल १९९४ च्या रात्री ते न्हाणीघरात पाय घसरून पडले, उजव्या मांडीचे हाड मोडले आणि दुसऱ्या दिवशी जेमेली रुग्णालयात त्यांच्या खुब्याचा गोळा बदलण्यात आला. ते महिनाभराने काठी घेऊन बाहेर आले. आम्ही त्या वेळी तरुण होतो, आणि छायाचित्रातली ती काठी पाहून आम्हांला जे वाटले ते दुःखापेक्षा रागाच्या जवळचे होते. पुढेही ते उन्हाळ्यात आल्प्सच्या पायथ्याशी जात. शिखरे खालून पाहत. हे त्यांनी निवडले नव्हते. पण खेळापासून दुरावलेला माणूस खेळाच्या जागी जातो आणि तिथे बसतो, यात पराभवाहून वेगळे काहीतरी होते, आणि त्याला नाव देणे आम्हांला अजून साधलेले नाही. याकोबाचीही जांघ निखळली आणि तो लंगडत पुढे गेला. पुन्हा सरळ चालू लागल्याचे पवित्र शास्त्रात म्हटलेले नाही.

आता आमचा हितसंबंध. तो लपवून हा लेख लिहिता येणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षाने युवकांचे शिबिर होते. सायंकाळी मुले फुटबॉल खेळत होती. सेमिनरीत आम्ही बचाव फळीत खेळत असू आणि, नम्रता बाजूला ठेवून सांगतो, बरे खेळत असू. चेंडू आमच्याकडे आला. आम्ही तो परत मारला. मग दुसरा. मग आम्ही मैदानात होतो. वीस मिनिटे. काही झाले नाही; दुखले नाही, सुजले नाही. त्यानंतर आम्ही आणखी काही वेळा खेळलो, दर वेळी कुठल्यातरी शिबिरात, आमच्या धर्मग्रामापासून दूर. वार्षिक तपासणीला गेलो तेव्हा सर्जनने क्ष-किरण चित्र दिव्यासमोर धरून विचारले, "फादर, काही खेळता-बिळता का?" आम्ही म्हणालो, "रोज चालतो." ते वाक्य खरे होते. त्याइतके असत्य वाक्य आम्ही त्या वर्षी दुसरे बोललो नसू.

त्यावर विचार करताना आम्हांला जे दिसले ते मास्तरांच्या प्रश्नाला लागू पडते. सर्जन आमच्या सांध्याविषयी जे सांगतात ते त्यांनी कुठून आणले? आमच्यासारख्या हजारो रुग्णांच्या उत्तरांवरून. जो खेळतो आणि पडतो, तो रुग्णालयात पोहोचतो आणि नोंदीत येतो. जो खेळतो आणि धडधाकट राहतो, तो लाजेने 'चालतो' म्हणतो. मग आमचा सांधा अकाली झिजला तर नोंद होईल: केवळ चालणाऱ्या माणसाचा झिजला. नाही झिजला तरी नोंद होईल: चालणाऱ्याचा टिकला. दोन्ही खोट्या. आमच्या मागून येणाऱ्या बावन्न वर्षांच्या माणसाला जो सल्ला मिळेल, त्यात आमच्या त्या एका वाक्याचे खोटे मिसळलेले असेल. चार्न्ली यांनी स्वतःची मांडी पुढे केली. आम्ही खरी माहितीही दिली नाही.

आणि दुसरी गोष्ट. आम्हांला कुटुंब नाही. शस्त्रक्रियेनंतर आमचे सारे भावजयीने केले. अंघोळीला खुर्ची मांडणे, मोजे चढवणे, रात्री मूत्रपात्र देणे. सहा आठवडे. समग्र देहासाठी अवयव, हे तत्त्व आम्ही वर मांडले. पण समग्र माणूस कातडीपाशी संपतो का? मास्तरांचा सांधा निसटला तर तो फक्त मास्तरांचा निसटणार नाही. दुसऱ्या वेळची शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड असते, खर्च मोठा असतो, हाड कमी उरलेले असते, आणि पुन्हा ती खुर्ची, ते मोजे. 'पाप आहे' म्हणताना बाईंना कदाचित एवढेच म्हणायचे होते, आणि तसे म्हणायला आपल्या समाजाने त्यांना दुसरा शब्द दिला नव्हता.

रविवारी मास्तर आले. या वेळी बाईही होत्या. आम्ही सांगितले, की खेळणे हे पाप नाही. मास्तरांनी बाईंकडे पाहिले. मग आम्ही आमच्या शिबिरांची गोष्ट सांगितली, सर्जनला दिलेले उत्तरही सांगितले. ते ऐकून बाई हसल्या नाहीत. मास्तर खाली पाहू लागले. आम्ही म्हणालो, "मास्तर, दोघांनी मिळून सर्जनकडे जा, आणि काय करायचं मनात आहे ते उडीसकट सांगा. ते नाही म्हणाले तर का नाही, ते विचारा. आणि ज्यांनी तुम्हांला सहा आठवडे अंघोळ घातली, त्यांची परवानगी माझ्याकडून मागू नका."

"आणि उडी?" मास्तरांनी विचारले.

मागे राहा, आम्ही म्हणालो. सर्व्हिस करा, चेंडू उचलून द्या, उडी पोरांना मारू द्या. आपल्या मते हा मोठा व्यवहारी तोडगा होता.

मास्तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फादर, तुम्ही प्रवचन न करता नुसती मिस्सा केलीत, तर चालेल लोकांना. तुम्हांला चालेल?"

बाईंनी त्यांना दटावले, पण त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. उडीशिवायचा व्हॉलीबॉल हा तोच खेळ नव्हे, हे मास्तरांना आमच्यापेक्षा चांगले कळते. हा तोटा खरा आहे. चाल पुन्हा शिकता येते, गुडघा टेकणे पुन्हा शिकता येते. हवेत क्षणभर थांबून हात मागे नेणे हे ज्या देहाने चाळीस वर्षे केले, त्याला ते विसरायला शिकवण्याचा व्यायाम त्या पंचविशीच्या मुलीलाही ठाऊक नसेल.

नाताळनंतर चौथ्या दिवशी सामने होते. मैदानावर दिवे लावले होते, शेजारी चहाची किटली आणि खुर्च्या. सर्जनने उडीला नाहीच म्हटले होते, पण बाकीचे लिहून घेतले होते. बाईंनी हे आम्हांला सांगितले तेव्हा त्यांनी 'लिहून घेतलं' या शब्दांवर जोर दिला. मास्तर मागच्या रांगेत होते. त्यांची सर्व्हिस अजून खाली, वेगात, जाळ्याला घासून जाते. तिसऱ्या डावात एक चेंडू उंच, अगदी त्यांच्या पट्ट्यातला, जाळ्याजवळ आला, आणि ते पुढे धावले. त्यांचे गुडघे वाकले. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मास्तरांनी दोन्ही हात वर केले, टाचा उचलल्या आणि चेंडू बोटांवरून बाजूच्या पोराला दिला. पोराने तो बाहेर मारला. मास्तर त्याला जे बोलले ते धर्मगुरूने लिहू नये.

जानेवारीत आमची तपासणी होती. सर्जनने नेहमीप्रमाणे चित्र दिव्यासमोर धरले. त्यांनी विचारण्याआधीच आम्ही सांगितले, की आम्ही फुटबॉल खेळतो, आणि गेल्या वर्षी दिलेले उत्तर खरे नव्हते. ते रागावतील अशी आमची तयारी होती. त्यांनी चित्र खाली ठेवले, कागद पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "किती वेळा?"

आम्ही बोटांवर मोजू लागलो.